हट्टीचा शनिवार

दुसरी गाय उलटली त्या संध्याकाळी आक्काच्या डोक्यावर वैरणीचा भारा होता, आणि तो खाली टाकायचंसुद्धा तिला सुचलं नाही. तांबडीनं शेजारणीच्या पाठीवर पुढचे दोन पाय टाकले होते. शेपटीखाली काचेसारखी चिकट तार लोंबत होती. आता सांगायला डॉक्टर कशाला हवा? तांबडी माजावर आली होती, म्हणजे पोटात काही नव्हतं. बारा दिवसांपूर्वी गाडी घेऊन आलेल्या डॉक्टरांनी जो गर्भ इतक्या निगुतीनं तिच्या कुशीत ठेवला होता, तो कुठल्या कुठे विरून गेला होता.

"उतर गं बाई," आक्का तांबडीला म्हणाली. "झालं तुझं. माझाच भारा उतरायचा राहिलाय."

त्याआधी पांढरतोंडीही अशीच उलटली होती. गोठ्यात गाई तीन. डेअरीनं आपल्या योजनेत घरटी तीन गर्भ देऊ केले होते, त्यातले दोन फुकट गेले. आता उरली हट्टी आणि उरला एक गर्भ. तोही गेला की घर योजनेच्या यादीतून बाद. आणि ते वर्ष कसलं होतं म्हणता? बांधावरचं गवत बोटाला लागत नव्हतं, विहिरीत बादली सोडली की तळाचा दगड वाजायचा. डेअरी मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा, देत होती, हिरवागार, आंबूस वासाचा, गाईनं हुंगला तरी तिच्या तोंडाला पाणी सुटावं असा; पण ज्याच्या गोठ्यात योजनेची गाभण गाय, त्यालाच. बाकीच्यांनी उन्हाळ्यात गाईंना काय घालायचं, हे यादीत लिहिलेलं नव्हतं. आक्काच्या घरानं यादीबाहेर पडायचं म्हणजे उन्हाळा लागायच्या आत तिन्ही गाई दावणीवरून सोडायच्या. इतकं सरळ.

आक्का म्हणजे त्या घरातली थोरली लेक. आईवडील गेल्यावर घरात राहिली ती, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. शेत भाऊ बघायचा, चूल वहिनी बघायची आणि गोठा आक्का. पहाटे शेण, मग धार, मग दूध डेअरीपर्यंत पोचवणं, मग वैरण, पाणी, पुन्हा शेण, पुन्हा धार. तिचे तळहात इतके खरबरीत झाले होते की पदराचा धागा त्यांना अडकायचा. आणि गंमत बघा, डेअरीच्या कागदावर 'पशुपालक' ह्या रकान्यात सही भावाची. त्याला तीन गाईंमध्ये कुठली कुठल्या सडाला लाथ मारते तेही माहीत नव्हतं.

गाय उलटल्याची वर्दी द्यायला सोमवारी आक्का स्वतः डेअरीवर गेली. दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली. सुपरवायझर टेबलामागे बसला होता. हा माणूस बोलताना पेनचं टोपण टेबलावर टकटक वाजवायचा, त्यामुळे गावात त्याला सगळे टकटक म्हणायचे, अर्थात पाठीमागे. त्यानं तिचं ऐकून घेतलं, टोपण वाजवलं, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला.

"आक्का, गाई सांभाळायच्या म्हणजे नुसतं शेण उचलायचं नसतं. गर्भ सात समुद्र ओलांडून येतो आणि तुमच्या गोठ्यात आठ दिवस टिकत नाही. गर्भ चांगला, डॉक्टर चांगले. मग राहिलं कोण?"

रांगेत सुतारकाका होते. दोन गाई आणि एक करवत एवढ्यावर त्यांचा संसार. ते खो खो हसले. त्यांचं बघून बाकीचे हसले. आक्काच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला उत्तर सुचलं, पण घरी पोचल्यावर, आणि ते तिनं तांबडीला ऐकवलं. तांबडी रवंथ करत राहिली.

आता ह्या योजनेची रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गर्भ गाडीतून येतो, थंडगार वायूच्या पिंपात, कांडीत गोठवलेला. तो असतो बरोबर सात दिवसांचा. तो ज्या गाईत ठेवायचा, तिला माजावर येऊन सात दिवस झालेले हवेत. एखादा दिवस इकडेतिकडे चालतो, जास्त नाही. मोठ्या गोठ्यांना इंजेक्शनं देऊन सगळ्या गाई एकाच दिवशी माजावर आणतात. लहान घरांच्या गाईंना ती चैन नव्हती, त्या आपल्या मर्जीनं यायच्या. पण गाडी मात्र तिच्या मर्जीनं फिरायची, सहा दिवस सहा गावं. आक्काच्या गावाला सोमवार.

हट्टीवर आक्कानं पाळत ठेवली ती एखाद्या चोरावर ठेवावी तशी. हट्टी काळी, ठेंगणी, एक शिंग पुढं आणि एक मागं. पाण्याला नेलं की गवताला ओढायची आणि गवताला नेलं की पाण्याला. तिनं नुसतं हंबरलं तरी आक्का ताटावरून उठायची. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही त्या गाईकडे बघता तसं ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं असतं ना, तर मी जन्मभर भांडी विसळताना गाणी म्हटली असती." भाऊ तिथंच जेवत असायचा. तो आणखी वाकून जेवायचा.

आणि एका शनिवारी, संध्याकाळची धार आटोपून आक्का कासंडी धूत असताना, हट्टी उभी राहिली. पांढरतोंडीनं तिच्या पाठीवर उडी घेतली आणि एरवी लाथ झाडणारी ही बया खांबासारखी गप्प उभी. आक्कानं कासंडी तशीच टाकली. शेपूट बाजूला केली, बोटावर सोट, म्हणजे ती चिकट तार, घेतला, अंगठ्यानं ताणला. वीतभर ताणला तरी तुटला नाही. स्वच्छ. ती धावतच आत आली. चुलीजवळच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तिला दोरीनं पेन्सिल बांधलेली. तिनं पेन्सिल उचलली आणि चौकटीत खूण केली.

वहिनी हातावर पीठ घेऊन मागे उभी होती. ती सहज म्हणाली, "आज शनिवार ना? मग उद्याच्या चौकटीत का लिहिता?"

"संध्याकाळची धार झाली की आपला दुसरा दिवस," आक्का म्हणाली. "दूध नाही का उद्याच्या पावतीवर जात?"

हे तिनं इतक्या सवयीनं सांगितलं की आपण काय सांगतोय ते तिला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं.

त्यांचं घर गावाच्या पार टोकाला. संध्याकाळचं दूध डेअरीपर्यंत न्यायला त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून ते रात्रभर हौदाच्या पाण्यात गार ठेवायचं आणि सकाळच्या दुधाबरोबर पाठवायचं. पावती दुसऱ्या दिवसाची. वडिलांनी पोरवयातच तिला शिकवलं होतं, संध्याकाळची धार झाली की वार बदलला. तीस वर्षं ती तसंच मांडत आली होती. दूध तसं, पेंड तशी, गाय व्यायलेली तशी. आणि माजही तसाच. पांढरतोंडी आणि तांबडी, दोघी संध्याकाळी धारेनंतरच दिसल्या होत्या. एका दावणीच्या गाई एकमेकींना खेचतात, तिन्हींचा वार एकच, शनिवार. दोन्ही वेळा तिनं रविवार लिहिला होता.

म्हणजे रांगेसमोर टकटक बोलला ते खरं होतं? राहिलं कोण, तर मीच? तिला वाटलं, ही पानं फाडून चुलीत घालावीत, कुणाला काय कळणार आहे? वहिनीनं पिठाचा हात तिच्या खांद्यावर ठेवला, आणि झंपरवर पाच पांढरी बोटं उमटली.

मग आक्कानं दोन महिने मागची पानं चाळली. "एक दिवस माझा," ती स्वतःशी म्हणाली. "पण एका दिवसानं गर्भ मरत नाही, डॉक्टरच म्हणाले होते. मग दुसरा दिवस कुणाचा?"

तिनं रविवार खोडला. इतका जोरात खोडला की मागच्या पानावर भोक पडलं. शनिवारच्या चौकटीत लिहिलं, धार झाल्यावर.

सोमवारी भावाला तिनं डेअरीवर पाठवलं आणि चारदा पढवून पाठवलं, शनिवार सांग, शनिवार संध्याकाळ सांग. तो दुपारी गुलाबी चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर हट्टीचा माज होता सोमवारचा, आणि गर्भ ठेवायची तारीख पुढल्या सोमवारची.

"मी शनिवारच सांगितलं," भाऊ म्हणाला. "ते म्हणाले, एकदोन दिवसांनी काय होतं, गाडी सोमवारी येते. कागदावर सात दिवस दिसले पाहिजेत, नाहीतर डॉक्टर हातच लावत नाहीत."

आक्कानं पत्र्याच्या डब्यातून जुन्या दोन गुलाबी चिठ्ठ्या काढल्या. त्यांच्यावरही सोमवार. तिनं रविवार कळवलेला, त्यानं सोमवार केलेला, आणि खरा होता शनिवार. दोन्ही गर्भ सातव्या दिवसाच्या म्हणून नवव्या दिवसाच्या गाईत गेले होते. दोन माणसांनी एकेक दिवस ढकलला होता, आपापल्या सोयीनं, एकमेकांना न सांगता.

तिनं भावाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायातला काटा काढत बसला, पायात काटा नसताना. मग म्हणाला की हे कुणाला बोलू नकोस, आपलीच चूक निघते, आहे ती संधीही जाईल, सोमवारी काय होईल ते होईल.

"सोमवारी काय होईल ते मला माहीत आहे," आक्का म्हणाली. "दोनदा बघितलंय. हट्टीचा सातवा दिवस शनिवारी आहे. शनिवारी गाडी कुठे असते?"

"जुन्या गिरणीजवळ. नऊ किलोमीटर. आक्का, ते आपलं गाव नाही. दुसऱ्या गावच्या दिवशी ते कुणाला उभं करत नाहीत."

"गाय उभी करायला मी आहे."

टेम्पो सांगता आला असता, पण टेम्पोत गाय हादरते, घाबरते, घामानं निथळते. अशा कुशीत पाहुणा टिकतो का? चालत न्यायचं ठरलं. वहिनी म्हणाली, मीही येते. आणि सकाळची धार? दोघींनी भावाकडे बघितलं. त्या घराच्या इतिहासात प्रथमच त्याच्या हातात कासंडी आली. निघताना गोठ्यातून त्याचा आवाज आला, "ही डावीकडून की उजवीकडून?" वहिनी पदरात तोंड खुपसून फाटकापर्यंत हसत गेली.

फटफटायच्या सुमाराला त्या निघाल्या. आक्काच्या हातात कासरा, वहिनीच्या डोक्यावर पेंढीभर कडबा आणि हातात पाण्याचा डबा. रस्त्याची धूळ अजून गार होती. आक्कानं हट्टीला ओढलं नाही, हाकललं नाही. तिच्या खांद्याला खांदा लावून चालली. अर्ध्या तासानं विसावा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात हट्टीनं दगड हुंगले आणि जी पाय रोवून उभी राहिली, ती हलेना. ट्रकवाला भोंगे वाजवून थकला. आक्कानं तिच्या कानामागं खाजवलं, गळ्याखालची पोळी चोळली आणि कानात सांगितलं की तुझ्या जिवावर मी आज एका माणसाशी भांडायला चाललेय, तेव्हा तिथं गेल्यावर हवा तेवढा हट्ट कर, इथं नको. ते गाईला समजलं की खाजवणं पुरे झालं, देव जाणे, पण ती चालू लागली. शेवटच्या दोन किलोमीटरांना ऊन चढलं. वहिनीनं पेंढी काखेत मारली आणि पदर भिजवून हट्टीच्या कपाळावर धरला. स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं. आक्काच्या टाचेची भेग फुटली होती आणि चपलेत ओलं लागत होतं, तिनं वाकून बघितलं नाही.

गिरणीजवळच्या चिंचेखाली गाडी उभी होती. शेजारी लोखंडी खोडा, त्यात एक गलेलठ्ठ गाय, मागे पाचसहा जणी ओळीनं. डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून काम करत होते. गाडीच्या मागच्या उघड्या दारात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक पोरगेलीशी मुलगी बसली होती. तिला सगळे भिंगवाली म्हणत. आणि खुर्चीवर टकटक, मांडीवर फाइल.

त्यानं आधी हट्टीला बघितलं, मग आक्काला, मग पुन्हा हट्टीला, जणू दोघींपैकी जास्त अडाणी कोण ते ठरवत होता. तुमचं गाव सोमवारचं, तो म्हणाला. परत जा.

"हिचा सातवा दिवस आज आहे," आक्का म्हणाली.

त्यानं फाइल उलटली. कागदावर हट्टीचा माज सोमवारचा, म्हणजे आज पाचवा दिवस. तुम्हाला मोजता येत नसेल तर आम्ही काय करायचं, असं तो ओळीतल्या लोकांकडे बघून म्हणाला. लोक हसायच्या तयारीत होते.

आक्कानं कासरा वहिनीच्या हातात दिला आणि दोन पावलं पुढं आली. तिचा आवाज चढला नाही. गाईंना सवय असते त्या आवाजात ती बोलली.

"मोजायला मीच चुकले. दोन वेळा. आमच्या घरी संध्याकाळची धार झाली की उद्याचा वार लिहितात, मी माजही तसाच लिहिला. एक दिवस माझा. मी चारचौघांत सांगतेय. आता तुमचा सांगा. मी रविवार कळवला तो तुम्ही सोमवार का लिहिलात? ह्या सोमवारी भावानं शनिवार सांगितला, त्याचा सोमवार का झाला? गाय सोमवारी माजावर आली हे तुम्हाला कुठून दिसलं, ह्या खुर्चीवरून?"

टोपण वाजायचं थांबलं.

डॉक्टरांनी खोड्यातल्या गाईतून हात बाहेर काढला आणि वळून बघितलं. तुमच्याकडच्या तारखा बदललेल्या असतात का, असं त्यांनी विचारलं. शांतपणे विचारलं, पण त्यांच्या हातमोज्यावरून शेण गळत होतं आणि तो हात सुपरवायझरच्या फाइलीच्या फार जवळ होता. तो म्हणाला की थोडं जुळवून घ्यावं लागतं साहेब, सहा गावं आहेत, गाडी एक आहे, डिझेल आहे, वरून आकडे मागतात, महिन्याला इतके गर्भ ठेवलेच पाहिजेत. एकदोन दिवसांनी काय.

तेव्हा बोलली ती भिंगवाली. तिनं डोळा भिंगावरून काढलाही नाही.

"एका दिवसानं थोडं होतं. दोन दिवसांनी सगळं होतं. म्हणूनच सोमवारच्या गावाचा आकडा सगळ्यात वाईट आहे का? मी चार महिने गर्भच तपासत बसलेय, माझ्या हातून काय बिघडतं म्हणून."

म्हणजे तिलाही कुणीतरी टोपण वाजवून विचारलं असणार, राहिलं कोण.

डॉक्टर म्हणाले, घ्या गाय आत.

हट्टी खोड्यात जायला तयार नव्हती. अर्थातच. तिला उलटं तोंड करून आणलं, मग ती मागच्या मागे बरोबर आत गेली आणि आक्कानं शिताफीनं अडसर लावला. डॉक्टरांनी हात घातला, डोळे मिटले, आत चाचपत राहिले. आक्का त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि वहिनी आक्काच्या. उजव्या अंडाशयावर चांगली भरलेली गाठ आहे, ते म्हणाले, सातव्या दिवशी हवी तशी. आज पाचवा दिवस असता तर अशी लागली नसती.

पण सुपरवायझर अजून संपला नव्हता. तो म्हणाला, ठेवा, माझं काही म्हणणं नाही, पण गावाबाहेर नियम मोडून ठेवला जातोय, तेव्हा जबाबदारी लिहून द्या. हा तिसरा. उलटली तर घर बाद, पुन्हा अर्ज नाही. आणि सही पशुपालकाची लागेल, तो तर घरी आहे.

"पशुपालक इथं उभी आहे," आक्का म्हणाली.

तिनं फाइल हातात घेतली. छापलेल्या ओळीवरचं भावाचं नाव एका रेघेनं खोडलं आणि वर आपलं लिहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण, आडनावासकट. माजाची तारीख लिहिली. मग थांबली. तिथं वेळेला रकानाच नव्हता. तिनं फाइलीची कड पट्टीसारखी धरून एक उभी रेघ ओढली, वर लिहिलं 'सकाळ की संध्याकाळ', खाली लिहिलं 'संध्याकाळ, धारेनंतर', आणि फाइल परत दिली. छापील कागदावर असं काही करता येत नाही, असं तो म्हणाला. आक्का म्हणाली, आता केलंय.

कांडी पिंपातून निघाली तेव्हा पांढरी वाफ सांडली. कोमट पाण्यात ती वितळली. भिंगवालीनं तपासून आक्काला खूण केली, या, बघा. आक्कानं हात पदराला पुसले, जणू त्याला हात लावायचा होता, आणि भिंगाला डोळा लावला. काचेची बारीक बांगडी, आणि आत एका बाजूला चिकटलेली साखरेची खडी. एवढंच.

भिंगवाली हलक्या आवाजात सांगत होती. ह्याची आई दूरच्या एका मोठ्या गोठ्यात आहे, तिच्यातून सुईनं बीज काढतात आणि प्रयोगशाळेत बशीत फळवतात. पूर्वी गाईची कूस धुऊन गर्भ मिळवायचे, आता जगभर बशीतलेच जास्त. आणि गोठवले की कुठेही पाठवता येतात, मेंढ्यांचेही, घोड्यांचेही. "पण काहीही केलं तरी शेवटी एक कूस लागते. आणि तिथला दिवस जुळावा लागतो. हा सातव्या दिवशी थांबलाय. नवव्या दिवसाच्या घरात गेला तर—"

"ताटं उचलल्यावर पोचलेला पाहुणा," आक्का म्हणाली.

भिंगवाली पहिल्यांदा हसली.

गर्भ ठेवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हट्टीनं एकदा कान हलवले. त्यानंतर त्या तिघी चिंचेखाली ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या. दोघी भाकरी खात, तिसरी कडबा. वहिनीनं आक्काची टाच आपल्या मांडीवर घेतली आणि डब्यातल्या उरलेल्या पाण्यानं धुतली. आक्का नको नको म्हणत होती. तिच्या पायाला आईनंतर कुणी हात लावला नव्हता.

घरी पोचल्यावर दोघींना कळलं की पांढरतोंडीनं भावाला कोपऱ्यात ढकललं होतं आणि निम्मं दूध जमिनीनं प्यायलं होतं. तो मात्र मोठ्या ऐटीत बसला होता. म्हणाला, तांबडी डाव्या मागच्या सडाला लाथ मारते, तुम्हाला माहीत होतं का?

पुढचे तीन आठवडे मुरघास नव्हता. आक्का पहाटे ओढ्याच्या काठानं लांबवर जाऊन निंबाऱ्याच्या, बाभळीच्या कोवळ्या फांद्या तोडून आणायची. हाताला काटे, केसांत पाला. उलटायची ती माजापासून एकविसाव्या दिवशी उलटते, आणि एकविसावा दिवस पुन्हा शनिवारच. त्या शनिवारी ती गोठ्यातून हललीच नाही. वहिनीनं ताट तिथंच आणून दिलं. संध्याकाळची धार झाली. पांढरतोंडी हट्टीच्या पाठीशी लगटायला गेली आणि हट्टीनं अशी सणसणीत लाथ झाडली की खुंटीला टांगलेला कंदील खाली आला.

"झाड," आक्का म्हणाली. "झाड अजून एक."

तिसाव्या दिवशी, सोमवारी, गावातल्या खोड्याशी गाडी आली. दूध घालून परतणारे सगळे थांबलेले. हट्टीच्या आत यंत्राची काडी गेली आणि डॉक्टरांच्या हातातल्या लहानशा पडद्यावर काळा फुगा दिसला. त्या काळ्यात एक राखाडी दाणा, आणि दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं, भराभर, जणू घाईत आहे. डॉक्टरांनी पडदा आक्कासमोर धरला. तिनं बघितलं. हट्टीच्या पाठीवर हात सपाट ठेवून उभी राहिली. वहिनी मात्र रडली, आणि रडताना सगळ्यांना सांगत होती की डोळ्यात धूळ गेली.

सुपरवायझरनं मुरघासाची चिठ्ठी लिहिली. नशीब तुमचं, तो म्हणाला. आक्कानं चिठ्ठी वाचली आणि परत त्याच्यापुढं धरली. पशुपालक म्हणून पुन्हा भावाचं नाव पडलं होतं. भाऊ शेजारीच होता. तोच म्हणाला, "माझं नाही, साहेब. तिचं लिहा." सुपरवायझरनं दुसरी चिठ्ठी लिहिली.

मग त्यानं यादी उघडली. त्या दिवशी गावातल्या आठ गाईंत गर्भ ठेवायचे होते. खोड्यामागं तीनच उभ्या होत्या. बाकीच्या पाच कुठे आहेत, त्यानं विचारलं. त्यानं टोपण वाजवून पुन्हा विचारलं, ज्याच्या त्याच्या नावानं.

सुतारकाका दुधाची रिकामी किटली घेऊन पुढं आले. गिरणीजवळ आक्का काय बोलली ते एव्हाना गावभर झालं होतं. त्यांचाही एक गर्भ फुकट गेला होता आणि त्या वेळी रांगेत त्यांच्यावर हसायची पाळी बाकीच्यांची होती.

"माझी घरी आहे," ते म्हणाले. "तिचा आज पाचवा दिवस. बुधवारी सातवा. बुधवारी गाडी जिथं असेल तिथं घेऊन येतो."

"माझी गुरुवारी," मागून एक म्हातारी म्हणाली.

"आमच्या तिन्ही शुक्रवारी."

सुपरवायझर म्हणाला की असं चालणार नाही, प्रत्येक गावाला दिवस ठरवून दिलेला आहे, हे दिवस तुम्हाला दिले कुणी?

"गाईंनी," आक्का म्हणाली, आणि खोड्याचा अडसर काढून हट्टीला बाहेर घेतलं.